रॉकेट परत आलं का?

जानेवारीतली गोष्ट. मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा वहीत मोबाइल लपवून माझ्याकडे आला. शाळेत मोबाइल आणायची परवानगी नाही, त्यामुळे आधी त्याने माफी मागितली आणि मग व्हिडिओ लावला. परदेशातलं एक कोरडं, सपाट माळरान. माणसापेक्षा उंच रॉकेट. दहा-नऊ-आठ असे आकडे मोजून झाले आणि कानठळ्या बसवत ते वर गेलं. पाच-सहा सेकंदांत दिसेनासंच झालं.

"बाई, विज्ञान दिनाला आपण हे करूया ना!"

मी म्हटलं, "पुढचं बघू दे की."

"पुढे काही नाही बाई. अर्धा व्हिडिओ हे लोक रॉकेट शोधतच फिरतायत. कंटाळा येतो."

तो पुढे ढकलायला निघालेला भाग मी मुद्दाम पूर्ण पाहिला. हातात एक यंत्र धरून चार माणसं उन्हात चालत होती. बऱ्याच वेळाने त्यांना झुडपात अडकलेलं पॅराशूट दिसलं. त्यांनी रॉकेट उचललं, पंख तपासले, आतला कागद काळा पडलाय का ते पाहिलं आणि मगच एकमेकांना टाळ्या दिल्या. उड्डाणाच्या वेळी त्यांच्यापैकी कुणी उडी मारली नव्हती. रॉकेट हातात आल्यावर मात्र मारली.

त्या दिवशी घरी जाऊन मी थोडं वाचलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलेली पहिली गोष्ट ही: ज्याला हे लोक 'हाय पॉवर रॉकेट' म्हणतात, त्याच्या इंजिनांना इंग्रजी अक्षरांप्रमाणे दर्जे असतात. ए, बी, सी... प्रत्येक पुढच्या अक्षराची ताकद मागच्याच्या दुप्पट. जी या अक्षराची मर्यादा १६० न्यूटन-सेकंद. म्हणजे साधारण १६ किलोचं ओझं एक सेकंद तोलून धरता येईल एवढा जोर. त्याच्या पुढे, एच या अक्षरापासून, हाय पॉवर सुरू होतं. अमेरिकेत असं रॉकेट उडवायचं तर नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री किंवा ट्रिपोली या संघटनेचं प्रमाणपत्र लागतं. वय १८ पूर्ण लागतं. आणि परीक्षा कशी? रॉकेट उडवून दाखवायचं, ते सुखरूप खाली आणायचं, आणि परत आणलेलं रॉकेट परीक्षकाच्या हातात द्यायचं. ते पुन्हा उडवता येईल अशा स्थितीत असलं तरच पास. कितीही उंच गेलं आणि हरवलं, किंवा पॅराशूट न उघडता जमिनीत घुसलं, तर नापास.

वर्ग जरा शांत झाला. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "म्हणजे पेपर लिहून उपयोग नाही, घरी नेऊन दाखवला पाहिजे!" सगळे हसले. पण मुद्दा पोचला होता.

आता खरी अडचण. आमची शाळा नवी मुंबईत, खाडीपासून फार लांब नाही. एका बाजूला सोसायट्या, दुसऱ्या बाजूला रस्ता, पलीकडे रेल्वे आणि विजेच्या उच्च दाबाच्या तारा. गेल्या २५ डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. मुलं तासाला खिडकीतून विमानं मोजतात. अशा ठिकाणी एक किलोमीटर उंच जाणारं रॉकेट सोडायचं हा विचारसुद्धा चूक आहे, हे मी सरळ सांगितलं. पण "नाही" म्हणून विषय संपवायचा नव्हता, म्हणून फळ्यावर गणित मांडलं.

समजा, ५ किलोचं रॉकेट आहे आणि त्याला दीड मीटर व्यासाचं पॅराशूट आहे. ते साधारण सेकंदाला साडेसात मीटर वेगाने उतरेल. एवढा वेग म्हणजे तीन मीटर उंचीवरून, एका मजल्यावरून, उडी मारल्यासारखं. रॉकेटला चालतं. १००० मीटर उंचीवर पॅराशूट उघडलं तर खाली यायला लागतील १३३ सेकंद. वारा सेकंदाला फक्त ५ मीटर धरा. तेवढ्या वेळात रॉकेट वाहून जाईल १३३ गुणिले ५, म्हणजे साधारण ६६५ मीटर. "आता सांगा, आपल्या मैदानापासून ६६५ मीटरवर काय काय आहे?" मुलांनी यादी केली: स्टेशन, पेट्रोल पंप, दवाखाना, दोन शाळा, हायवे, खाडीतली तिवरं. यादी करता करताच त्यांना कळलं, की रॉकेट शोधायला जाणं म्हणजे कंटाळवाणं काम नव्हे. ते कुठे पडेल हे आधीच ठरवायला लागतं.

मग एका मुलीने विचारलं, "बाई, पॅराशूट खाली आल्यावर उघडलं तर?" प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला, कारण मोठ्या रॉकेटमध्ये अगदी हेच करतात. त्यात हवेचा दाब मोजणारं छोटं यंत्र असतं. रॉकेट वर जाताना दाब कमी होत जातो, सर्वांत वरच्या बिंदूला तो कमी व्हायचा थांबतो. ते ओळखून यंत्र आधी एक लहान पॅराशूट बाहेर काढतं. त्याने रॉकेट सरळ न कोसळता भराभर, पण आटोक्यात खाली येतं. जमीन दीडशे-दोनशे मीटरवर आली की मोठं पॅराशूट उघडतं. हिशेब केला: ८०० मीटर सेकंदाला २५ मीटरने, म्हणजे ३२ सेकंद. उरलेले २०० मीटर साडेसातने, म्हणजे २७ सेकंद. एकूण ५९ सेकंद. वाहून जाणं ६६५ वरून तीनशे मीटरच्या आत. काळ-काम-वेगाची इतकी गणितं शिकवली, पण वर्गाने उत्तराची अशी वाट पहिल्यांदाच पाहिली.

इथवर सगळं छान होतं. दोन दिवसांनी त्याच मुलाच्या वहीत मला मागच्या पानावर एक कृती लिहिलेली दिसली. रॉकेटचं इंधन घरच्या घरी कसं बनवायचं, व्हिडिओ पाहून उतरवलेलं. एक वस्तू स्वयंपाकघरातली, एक बाजारातली, आणि पुढे "गॅसवर मंद आचेवर". शेवटी लिहिलं होतं: "रविवारी. आई कामाला गेल्यावर."

खरं सांगते, पोटात गोळा आला. ओरडले असते तर त्याने वही लपवली असती आणि रविवार आलाच असता. मी त्याला शेजारी बसवलं आणि विचारलं, "समजा पेटलं. तर घरातून बाहेर कसा पडशील?" एका खोलीचं घर, गॅस दाराशी. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याला सांगितलं, की स्फोटक पदार्थ बनवणं, बाळगणं यासाठी आपल्याकडे १८८४ पासून कायदा आहे, परवाने लागतात, आणि ते बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, म्हणजे 'पेसो'चं, मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरात आहे. पण त्याच्यावर परिणाम कायद्याचा झाला नाही. दाराच्या प्रश्नाचा झाला.

पालकांनाही बोलावलं. वडील आले. वाशीच्या बाजारात माथाडी काम करतात. मी जपून सांगितलं, कारण पोराला मार बसू नये असं वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, शिकू दे त्याला. पण हातपाय शाबूत ठेवून शिकू दे. आमच्याकडं पण तसंच असतं. पोतं उचलायला जोर लागतो, उतरवायला ध्यान लागतं. माणूस जायबंदी होतो तो उतरवतानाच." मी हे वाक्य दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. कुणाचे वडील ते सांगितलं नाही, पण त्या मुलाने मान वर केली.

मग ठरलं: पाण्याचं रॉकेट. त्यात आग नाही, दारू नाही. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, आणि सायकलच्या पंपाने भरलेली हवा. दाबलेली हवा पाण्याला खाली ढकलते, पाणी बाटलीला वर. नववीच्या विज्ञानातला पहिलाच धडा, गतीचे नियम. प्लंबरकडून पीव्हीसी पाइप आणि केबल टाय आणून, लांबून दोरी ओढली की बाटली सुटेल असा स्टँड केला. अट मात्र मी एकच घातली: गुण १० पैकी. वर जाण्याचे ३, सुखरूप परत येण्याचे ७.

पॅराशूटसाठी जुन्या छत्रीचं कापड वापरलं. हे मुलींच्या गटाचं डोकं. छत्रीला आठ कोपरे असतातच, आठ दोऱ्या बांधायला सोप्या. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बटाटा बांधून सोडून पाहिलं. पहिल्यांदा दोऱ्यांचा गुंता झाला, बटाट्याच्या फोडी झाल्या. मग घडी कशी घालायची ते शिकलो. आठव्या वेळेला बटाटा शाबूत आला. शिपाईमामा म्हणाले, "आता भाजी करा त्याची." मुलांनी ऐकलं नाही, त्यावर तारीख लिहून तो खिडकीत ठेवला.

बाटलीच्या वर पुठ्ठ्याचं शंकूसारखं टोक, त्याला मुलं 'टोपी' म्हणायची. टोपीच्या आत पॅराशूट. युक्ती साधी आहे. टोपी सैल बसवायची. वर जाताना ती दाबलेली राहते, आणि सर्वांत वर पोचून बाटली कलंडली की टोपी निसटते, पॅराशूट बाहेर येतं.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. सहावी ते दहावी मैदानावर. आदल्या दिवशीच्या मराठी भाषा गौरव दिनाची रांगोळी अजून पुसली नव्हती. पंप मारला, आकडे मोजले, दोरी ओढली. फस्सकन् पाण्याचा फवारा उडाला आणि बाटली चौथ्या मजल्याच्याही वर गेली. मैदान ओरडलं. मीही ओरडले.

पण पॅराशूट उघडलं नाही.

बाटली कलंडली, तोंड खाली झालं आणि टोपीसकट सरळ आली. भिंतीच्या सावलीत सहावीची मुलं बसली होती. त्यांच्यापासून चार-पाच पावलांवर, झाडाच्या कट्ट्यावर ती आदळली. टोपीचा चेंदामेंदा झाला, बाटली फाटली. क्षणभर शांतता, आणि मग सहावीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच असतं.

माझे हात थरथरत होते. तीस मीटरवरून मोकळी पडणारी वस्तू, हवेचा विरोध सोडला तर, सेकंदाला २४ मीटर वेगाने जमिनीवर येते, म्हणजे ताशी ८७ किलोमीटर. हे मीच वर्गात फळ्यावर लिहिलं होतं. आणि मीच ऊन आहे म्हणून मुलांना सावलीत सरकून बसायला सांगितलं होतं. अंतर मोजलं नव्हतं.

दुसरी बाटली तयार होती. मुलं म्हणाली, "बाई, अजून एक!" मी म्हटलं, "आज नाही." मुलं नाराज झाली, एकदोघं रडकुंडीला आली. मुख्याध्यापक सर शेजारी उभे होते. त्यांनी काहीच विचारलं नाही, फक्त मुलांना वर्गात पाठवलं. संध्याकाळी पालकांच्या गटावर मी स्वतःच झालेलं लिहिलं. चूक माझी होती, कुणाला लागलं नाही, पुढचं उड्डाण कधी आणि कसं ते ठरवून कळवते. दोन पालकांनी रागाने फोन केला. त्यांचा राग बरोबर होता.

सोमवारी वर्गात फाटलेली बाटली टेबलावर ठेवली. का झालं? आधी सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग टोपी बनवणाऱ्या गटातली मुलगी उभी राहिली. "बाई, आम्ही टोपीला आतून चिकटपट्टी लावली होती. फोटोत वाकडी दिसत होती म्हणून." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. पहिली: टोपी घट्ट होती. दुसरी: मुलं जवळ बसली होती, बाईंनी अंतर मोजलं नाही. माझी चूक फळ्यावर पाहून तिचं रडू थांबलं. मग वर्गाने स्वतःच तपासणीची यादी केली. त्यात पहिलं कलम: रॉकेट उलटं धरलं की टोपी आपोआप पडली पाहिजे. नाही पडली तर उड्डाण रद्द.

त्या आठवड्यात मी त्यांना इस्रोच्या दोन गोष्टी सांगितल्या. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून गगनयानाची पहिली चाचणी होती. उड्डाणाला ५ सेकंद असताना संगणकाने मोजणी थांबवली. सगळा देश टीव्हीवर बघत होता. तरी थांबले, दोष शोधला, आणि त्याच दिवशी दहा वाजता उड्डाण केलं. क्रू मोड्यूल पॅराशूटच्या आधाराने बंगालच्या उपसागरात उतरलं आणि नौदलाने ते बाहेर काढलं. दुसरी गोष्ट जुनी. १० जानेवारी २००७ ला पीएसएलव्हीने ५५० किलोची एक कुपी अवकाशात सोडली. ती बारा दिवस पृथ्वीभोवती फिरली आणि २२ जानेवारीला समुद्रात सुखरूप उतरवली. तोवर अवकाशात पाठवायला आपण शिकलो होतो. कक्षेत फिरणारी वस्तू परत आणायला त्या दिवशी शिकलो. पुढे माणूस पाठवायचा, तर तो परत यायलाच हवा ना.

दुसरं उड्डाण मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी साडेसातला. दुपारी खाडीवरून वारा सुटतो म्हणून सकाळची वेळ मुलांनीच निवडली. फक्त नववीचा वर्ग. चुन्याने रेघ मारली, सगळे रेघेमागे, उभे, रॉकेटकडे तोंड करून. ज्याच्या वहीत ती कृती होती, त्याच्याकडे सुरक्षेचं काम. "रेघेच्या पुढे कुणी आलं तर थांबवायचं," एवढा अधिकार. त्याने पहिल्यांदा मलाच मागे सरकवलं.

टोपी उलटी करून पाहिली. पडली. दोरी ओढली. बाटली वर गेली, थबकली, कलंडली, आणि काळं छत्रीचं कापड फटकन् उघडलं. यावेळी कुणी ओरडलं नाही. सगळे श्वास धरून ती खाली येताना बघत होते. तीस मीटरवर उभ्या गटाने कंपास पेटीतला कोनमापक आणि ओळंबा वापरून कोन मोजला होता: ४० अंश. त्रिकोणमितीने ३० गुणिले ०.८४, म्हणजे २५ मीटर, अधिक डोळ्यांची उंची. साडेसव्वीस मीटरच्या आसपास.

आणि रॉकेट? ते वाऱ्याबरोबर भिंतीपलीकडच्या सोसायटीत गेलं. आठ सेकंद हवेत, वारा सेकंदाला तीन मीटर धरला तर चोवीस मीटर. हिशेब बरोबर होता, मैदान लहान होतं. आम्ही पाचजण सोसायटीच्या गेटवर गेलो. वॉचमनकाका आधी तयार होईनात. मग मुलांनी त्यांना पॅराशूट कसं उघडतं ते छत्री उघडून दाखवलं. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी ग्रिलमध्ये अडकलेली बाटली सोडवून दिली आणि विचारलं, "दिवाळीचा बाण का रे?" एकजण म्हणाला, "आजी, बाण परत येत नाही. हे येतं."

बाटलीला चीर नव्हती. टोपी शाबूत. दहापैकी दहा.

करून पाहणाऱ्या शिक्षकांसाठी थोडक्यात:

• बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या. साध्या पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाही. ओरखडा किंवा चीर दिसली की टाकून द्या.
• पंपावर दाब दाखवणारा काटा हवा. आम्ही ६० पीएसआयच्या वर गेलो नाही.
• पंप मारणाऱ्याने चष्मा घालावा आणि बाटलीवर वाकू नये.
• मुलं उभी हवीत, बसलेली नकोत. बसलेल्याला पळता येत नाही.
• अंतर मोजून रेघ मारा. अंदाज नको.

पालकांना एकच विनंती. मूल मोबाइलवर रॉकेट बघत असेल तर ओरडू नका, शेजारी बसून पूर्ण बघा. इंधनाची कृती दिसली तर मात्र स्पष्ट "नाही" म्हणा आणि का, ते सांगा. मोठं रॉकेट उडवायची वाट बंद नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये, २०२५ ला, उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यातल्या तमकुही राज इथे इन-स्पेस आणि इस्रोच्या पुढाकाराने कॉलेजच्या मुलांची मॉडेल रॉकेट स्पर्धा झाली. मोकळी जागा, परवानगी, जाणकार माणसं, सगळं असताना. त्या मुलाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे अजून चार वर्षं थांबायचं?"

म्हटलं, "हो. तोवर पॅराशूट शीक."

परवा वही तपासताना मागच्या पानावरची ती कृती खोडलेली दिसली. खाली आठ दोऱ्यांचं चित्र होतं आणि बाजूला लिहिलं होतं: "घडी घालायची पद्धत. दोऱ्या शेवटी."